जॉर्ज इन, सदर्क: पाडापाडीतून उरलेली एक बाजू

लंडन ब्रिज रेल्वे स्थानकातून बाहेर पडून बरो हाय स्ट्रीटने दक्षिणेकडे चालू लागले की डाव्या हाताला एकामागून एक अरुंद बोळ लागतात. त्यांची नावे किंग्ज हेड यार्ड, व्हाइट हार्ट यार्ड, जॉर्ज इन यार्ड, टॅल्बट यार्ड आणि क्वीन्स हेड यार्ड अशी आहेत. ही सारी नावे जुन्या सरायांची असून त्या काळी प्रत्येक बोळ एकेका सराईच्या अंगणात उघडत असे. आज यांपैकी फक्त एकाच बोळात जुन्या सराईची इमारत उभी आहे आणि तीही पुरती नाही. जॉर्ज इनच्या अंगणात शिरल्यावर उजव्या हाताला दक्षिणेची लांबलचक बाजू दिसते. तिच्या रस्त्याकडील भागात एकावर एक असे दोन लाकडी सज्जे आहेत, मागच्या भागात साध्या खिडक्यांच्या भिंती आहेत, आणि समोर जिथे सराईची दुसरी बाजू असायला हवी तिथे अलीकडच्या काळातल्या इमारती आहेत. सज्ज्यांची सराई लंडनमध्ये आता एवढीच उरली आहे. ती ‘ग्रेड एक’ या सर्वोच्च श्रेणीत संरक्षित असून तिची मालकी वारसा जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे आहे.

या प्रकरणात तपासायचा प्रश्न असा, की एका रांगेतल्या, एकाच धंद्यातल्या आणि जवळपास एकाच वयाच्या या सरायांपैकी जॉर्जच का टिकली. तिची कीर्ती मोठी होती, हे सहज सुचणारे उत्तर चुकीचे आहे. तिच्या दोन्ही बाजूंच्या टॅबर्ड आणि व्हाइट हार्ट या सराया तिच्यापेक्षा कितीतरी प्रसिद्ध होत्या आणि त्या दोन्ही पाडल्या गेल्या.

पुलाच्या अलीकडचा मुक्काम

टेम्स नदीच्या दक्षिण काठावरच्या सदर्कमध्ये इतक्या सराया एका ओळीत का उभ्या राहिल्या, याचे कारण पुलात आहे. 1750 मध्ये वेस्टमिन्स्टर पूल खुला होईपर्यंत लंडन शहरात दक्षिणेकडून पायी किंवा गाडीने शिरण्याचा मार्ग म्हणजे लंडन ब्रिज. हा पूल अरुंद होता, त्याच्यावर दुतर्फा घरे होती आणि रात्री त्याचे दरवाजे बंद होत. केंट, सरे आणि ससेक्स या परगण्यांतून येणारे रस्ते पुलाच्या दक्षिण टोकाशी एकत्र येत. उशिरा पोहोचलेल्या प्रवाशाला अलीकडेच उतरावे लागे, आणि मालाच्या अवजड गाड्या पुलाच्या गर्दीत घालण्यापेक्षा सदर्कमध्येच रिकाम्या करणे गाडीवानांना सोयीचे पडे. शिवाय हाच रस्ता कँटरबरीला जाणारा होता. आर्चबिशप टॉमस बेकेट याची 1170 मध्ये कॅथीड्रलमध्येच हत्या झाली, 1173 मध्ये त्याला संतपद मिळाले आणि पुढची साडेतीनशे वर्षे त्याच्या समाधीकडे यात्रेकरूंची रीघ लागली. 1538 मध्ये आठव्या हेन्रीने ती समाधी उद्ध्वस्त केली तोपर्यंत सदर्कच्या सरायांचा जम इतका पक्का बसला होता, की यात्रा थांबली तरी त्यांचे काम थांबले नाही.

जागेचा आकारही याच धंद्याला साजेसा होता. रस्त्यावरचे दर्शनी फूटफूट मोलाचे असल्यामुळे भूखंड तोंडाशी चिंचोळे आणि मागे खोलवर गेलेले असत. रस्त्यावर दुकानांच्या मधून गाडी जाईल एवढी वेस, आत पहिले अंगण, त्याच्याभोवती राहण्याच्या खोल्या, त्यामागे दुसरे अंगण आणि तिथे पागा, वैरणीची कोठारे आणि गाड्या उभ्या करण्याची जागा, अशी सर्वसाधारण मांडणी असे. जॉन स्टो याने 1598 मध्ये लंडनचे जे वर्णन छापले त्यात बरोच्या, म्हणजे सदर्कच्या याच भागाच्या, सरायांची यादी आहे. त्या यादीत टॅबर्ड आणि हार्ट (म्हणजे व्हाइट हार्ट) यांच्या मध्ये जॉर्जचे नाव येते. जमिनीवरही तिचे स्थान नेमके तेच होते.

1676 ची आग आणि नवी इमारत

आज जी इमारत दिसते ती स्टोने पाहिलेली नाही. 26 मे 1676 रोजी सदर्कमध्ये लागलेल्या आगीत सुमारे 500 घरे भस्मसात झाली. तिच्यात जॉर्ज आणि टॅबर्ड या दोन्ही सरायांची राख झाली. नदीपलीकडे लंडनची मोठी आग होऊन जेमतेम दहा वर्षे लोटली होती, त्यामुळे जळालेल्या घराचा खर्च मालकाने सोसायचा की भाडेकरूने, हा वाद काही नवा नव्हता. 1666 नंतर लंडनसाठी असे तंटे सोडवणारे विशेष न्यायासन नेमले गेले होते. 1677 मध्ये संसदेने सदर्कसाठीही तशाच न्यायासनाचा कायदा केला. भाडेकरू स्वखर्चाने पुन्हा बांधत असेल तर भाडे उतरवायचे आणि पट्ट्याची मुदत वाढवायची, हे या न्यायासनांच्या निवाड्यांमागचे व्यवहारी सूत्र होते. सरायांच्या बाबतीत ते विशेष परिणामकारक ठरले, कारण सराई चालवणाऱ्याचे पोट जागेवर अवलंबून असे आणि बंद वेस त्याला एक हंगामही परवडणारी नसे.

1677 मध्ये जॉर्ज पुन्हा उभी राहिली ती घाईने आणि जुन्याच आराखड्यावर. आगीनंतर विटा आणि दगड सक्तीचे करणारा 1667 चा कायदा नदीच्या उत्तरेकडच्या शहरापुरता होता. सदर्कमध्ये विटांच्या जोडीला लाकडी सज्जे पूर्वीसारखेच बांधता आले. म्हणून जॉर्जची इमारत सतराव्या शतकाच्या अखेरची असली तरी तिची रचना मध्ययुगीन आहे. मूळ इमारत जळाली म्हणून हळहळणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे, की बांधणाऱ्यांना नवे काही करून दाखवण्याची हौस नव्हती. जे चालत होते तेच त्यांना लवकरात लवकर पुन्हा चालू करायचे होते, आणि त्यामुळेच जुना साचा आपल्यापर्यंत पोहोचला.

सज्जा हा या साच्याचा कणा होता. गिरगावातल्या चाळीत राहिलेल्या वाचकाला तो समजावून सांगावा लागणार नाही: खोल्या एका ओळीत, सगळ्यांची दारे एका लांब सज्ज्यावर उघडणारी, आणि सज्ज्याच्या कठड्यावरून खालचे अंगण पूर्ण दिसणारे. इथे त्यामागे व्यापारी हिशोब होता. खोलीतून खोलीत जाण्याऐवजी बाहेरून प्रवेश दिला की अनोळखी पाहुण्यांना एकमेकांचा उपद्रव होत नाही, वरच्या मजल्यावर आतल्या वाटेसाठी जागा खर्ची पडत नाही आणि पहाटे गाडी जुंपली जात असताना खालून हाक मारली तरी पुरते. मालावर नजर ठेवणेही सोपे जाई, आणि त्याची फार गरज होती. इंग्लंडच्या कायद्याने सराईवाल्यावर दोन जड जबाबदाऱ्या टाकल्या होत्या. जागा असेल आणि पैसे द्यायची तयारी असेल तर प्रवाशाला सबळ कारणाशिवाय परत पाठवता येत नसे, आणि सराईच्या हद्दीत पाहुण्याचा माल चोरीला गेला तर भरपाई सराईवाल्याला द्यावी लागे. ‘कॅलीज केस’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या 1584 च्या प्रकरणात हे दुसरे तत्त्व ठळकपणे मांडले गेले, आणि 1863 मध्ये संसदेने ही जबाबदारी सर्वसाधारणपणे 30 पौंडांपुरती मर्यादित करेपर्यंत तिला वरची सीमा नव्हती. घोडे आणि गाड्या मात्र या मर्यादेतून वगळल्या होत्या. एकच वेस, चारी बाजूंनी बंद अंगण आणि प्रत्येक दारावर नजर ठेवता येईल असा सज्जा ही रचना नुसती देखणी म्हणून पाहणारे हा कायदा विसरतात.

जॉर्जची भरभराट अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या घोडागाड्यांच्या काळात झाली. केंट आणि ससेक्सकडे जाणाऱ्या प्रवासी गाड्या आणि मालवाहू गाड्या इथून सुटत. बिअरला कडवटपणा देणारे हॉप्स हे केंटचे मोठे पीक, आणि त्याचा बाजार बरोमध्ये भरत असल्यामुळे शेतकरी, दलाल आणि गाडीवान यांचा राबता या अंगणांत असे. तळमजल्यावरची रस्त्याजवळची खोली गाडीची वाट पाहणाऱ्या उतारूंसाठी होती, मधली खोली कॉफी रूम होती आणि झोपण्याच्या खोल्या वर सज्ज्यांवर होत्या.

1836 चे एक वर्ष

या प्रकरणाचा कलाटणीबिंदू एका वर्षात दाखवता येतो. 1836 च्या उन्हाळ्यात चार्ल्स डिकन्सच्या ‘पिकविक पेपर्स’च्या मासिक अंकांत सॅम वेलर हे पात्र प्रथम अवतरले, ते व्हाइट हार्टच्या अंगणात बूट पुसताना. त्या प्रवेशात डिकन्सने बरोमधल्या जुन्या सरायांचे, त्यांच्या सज्ज्यांचे आणि जिन्यांचे जे वर्णन केले त्याने त्या देशभर माहीत झाल्या. त्याच वर्षी 14 डिसेंबरला लंडन अँड ग्रिनिच रेल्वेची गाडी तिथून हाकेच्या अंतरावर असलेल्या नव्या लंडन ब्रिज स्थानकापर्यंत धावू लागली. सरायांना साहित्यात कायमचे स्थान मिळाले आणि त्यांच्या पोटावर पाय आला, या दोन्ही गोष्टींमध्ये सहा महिन्यांचेही अंतर नव्हते.

पुढच्या दहा वर्षांत डोव्हर आणि ब्रायटन या गावांना लोहमार्गाने जाता येऊ लागले, आणि लांब पल्ल्याच्या घोडागाड्या एकापाठोपाठ एक बंद पडल्या. रेल्वेने प्रवासी नेले खरे, पण माल गावातून स्थानकापर्यंत आणि स्थानकातून दुकानापर्यंत नेण्यासाठी घोडे आणि खटारे अजून लागतच होते. त्यामुळे सरायांच्या खोल्या ओस पडल्या तरी त्यांच्या अंगणांची आणि पागांची किंमत टिकून राहिली. मला या साऱ्या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा हाच वाटतो. मोलाची होती ती मोकळी जागा, आणि तिच्यासाठी इमारत अडचण ठरू लागली होती.

पाडापाडी

टॅबर्ड ही चॉसरच्या ‘कँटरबरी टेल्स’मधल्या यात्रेकरूंची सराई. 1676 नंतर पुन्हा बांधताना तिचे नाव टॅल्बट झाले होते, तरी लोक ती चॉसरची म्हणूनच पाहायला जात. ती 1870 च्या दशकात पाडली गेली. व्हाइट हार्टच्या नावाशी 1450 चा जॅक केडचा राजसत्तेविरुद्धचा उठाव आणि सॅम वेलर दोघेही जोडलेले होते, आणि ती 1889 मध्ये गेली. क्वीन्स हेडची मालकी एके काळी जॉन हार्वर्डच्या कुटुंबाकडे होती. अमेरिकेतल्या विद्यापीठाला ज्याचे नाव मिळाले त्याच हार्वर्डला ती आईकडून वारशाने आली होती. तीही शतक संपेपर्यंत राहिली नाही. इंग्रजी भाषेचा आद्य कवी आणि तिचा सर्वांत लोकप्रिय कादंबरीकार, या दोघांची साक्षही कामी आली नाही.

जॉर्जच्या वाट्यालाही तेच येऊ घातले होते. काही काळ ती मागेच असलेल्या गाइज हॉस्पिटलच्या विश्वस्तांकडे होती आणि मग ग्रेट नॉर्दर्न रेल्वे कंपनीकडे गेली. या कंपनीचे लोहमार्ग किंग्ज क्रॉसहून उत्तरेकडे जात. नदीच्या दक्षिणेला तिला गाड्या चालवायच्या नव्हत्या, माल गोळा करण्यासाठी ठाणे हवे होते. 1889 मध्ये कंपनीने अंगणाच्या उत्तरेची आणि मधली बाजू पाडून तिथे गुदामे बांधली. व्हाइट हार्ट पडली त्याच वर्षी जॉर्जचा हा मोठा भाग गेला.

याला कायद्याने अडवता आले नसते. 1882 चा प्राचीन स्मारकांचा कायदा मुख्यतः स्टोनहेंजसारख्या प्रागैतिहासिक स्थळांसाठी होता आणि त्यातही मालकाच्या संमतीशिवाय फारसे काही करता येत नसे. वापरात असलेल्या इमारतींना संरक्षण देणारी सूची दुसऱ्या महायुद्धानंतरच्या नगररचना कायद्यांनी आली. विल्यम मॉरिसने 1877 मध्ये स्थापन केलेली प्राचीन इमारत संरक्षण संस्था होती, पण तिच्या हाती फक्त विनवण्याचे साधन होते. हळहळणाऱ्यांनी त्या वेळी जे करता येण्यासारखे होते ते केले: छायाचित्रे काढून ठेवली. वॉरिक लेनमधली ऑक्सफर्ड आर्म्स ही सराई पाडली जाणार म्हणून 1875 मध्ये लंडनच्या जुन्या वास्तूंची छायाचित्रे काढणारी एक संस्था निघाली, आणि तिने 1880 च्या सुमारास बरोच्या सरायांकडेही कॅमेरा वळवला. लाकडी कठडे, अंगणात टेकवून ठेवलेले खटारे आणि छपरांच्या वेड्यावाकड्या ओळी आपल्याला दिसतात त्या अशा छायाचित्रांमुळे. दुसऱ्या कोणत्याही मार्गाने त्या अंगणांचा इतका नेमका तपशील आपल्यापर्यंत आला नसता.

मग दक्षिणेची बाजू का उरली?

इथे पुराव्यापेक्षा अनुमानाचा भाग अधिक आहे, हे मान्य करून माझे मत मांडतो. रेल्वे कंपनीला वारसा जपायचा होता असे मानायला काही आधार नाही, कारण ज्या कंपनीने दोन बाजू पाडल्या तिने तिसरी ममतेने ठेवली असे म्हणणे हास्यास्पद ठरेल. गुदामासाठी लागणारी जागा दोन बाजूंनी भागली आणि तिसऱ्या बाजूला पब चालू होता. मुक्कामाला येणारे घटले तरी बाजारातले लोक, हमाल, कारकून आणि हॉप्सचे दलाल दुपारी जेवायला आणि संध्याकाळी पेल्यासाठी येत होते, आणि भाडे देणारा चालता भाडेकरू कोणत्याही कंपनीला हवाच असतो. थोडक्यात, दक्षिणेची बाजू वाचली ती रोजच्या गल्ल्यावर. शेजारच्या दोन सरायांना मोठी नावे होती, पण त्या जमिनी मोकळ्या केल्यावर मालकांना मिळणारे मोल त्या नावांपेक्षा जास्त होते.

1923 च्या विलीनीकरणात ग्रेट नॉर्दर्न ही लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वेत सामील झाली, आणि त्या कंपनीने 1937 मध्ये जॉर्ज नॅशनल ट्रस्टला देऊन टाकली. तोपर्यंत आजूबाजूची एकही सज्ज्याची सराई शिल्लक नव्हती. 1889 मध्ये जी उरलेल्यांपैकी एक होती ती आता शहरातली शेवटची झाली होती, आणि तिच्या विटा-लाकडात काही भर न पडता केवळ शेजारी गेल्यामुळे तिचे मोल वाढले होते. नॅशनल ट्रस्टची एक संस्थापक ऑक्टेव्हिया हिल हिने 1887 मध्ये याच भागात, चालत काही मिनिटांवर, गरीब वस्तीसाठी रेडक्रॉस गार्डन ही बाग उभी केली होती. 1907 च्या कायद्याने ट्रस्टला आपली मालमत्ता अहस्तांतरणीय, म्हणजे विकता किंवा देऊन टाकता न येणारी, घोषित करण्याचा अधिकार मिळाला होता. जो व्यवहारी हिशोब 1889 मध्ये अर्ध्याहून अधिक इमारत घेऊन गेला, त्याला रोखण्याचे साधन यामुळे प्रथमच उपलब्ध झाले.

उसन्या गोष्टी

शेवटचा वारस उरला की सगळ्यांच्या मालमत्ता त्याच्याकडे येतात, तसे जॉर्जकडे शेजाऱ्यांच्या आख्यायिका आल्या. चॉसरचे यात्रेकरू टॅबर्डहून निघाले होते आणि सॅम वेलर व्हाइट हार्टमध्ये होता, पण आता त्यांच्या आठवणी काढायला लोक जॉर्जमध्ये येतात. डिकन्सच्या बाबतीत थोडा आधार तरी आहे. त्याचे वडील 1824 मध्ये कर्जापायी याच रस्त्यावरच्या मार्शल्सी तुरुंगात होते, बारा वर्षांचा मुलगा जवळच्या लँट स्ट्रीटवर खोली घेऊन राहत होता, आणि पुढे ‘लिटल डॉरिट’मध्ये टिप हे पात्र जॉर्जमध्ये बसून मदतीची याचना करणारे पत्र लिहिते, असा ओझरता उल्लेख येतो.

शेक्सपिअरची गोष्ट याहून कच्ची आहे. तो 1616 मध्ये वारला आणि आजची इमारत 1677 ची आहे, म्हणजे या सज्ज्यांवर त्याची सावली पडणे शक्य नाही. जुन्या जॉर्जमध्ये तो कधी आलाच नसेल असे कोणी म्हणणार नाही, कारण ग्लोब रंगमंदिर फार दूर नव्हते. मात्र ज्या सरायांत एलिझाबेथच्या काळात नियमित नाटके होत असल्याचे नोंदीतून दिसते त्या बुल, बेल, क्रॉस कीज आणि बेल सॅव्हेज या चारही नदीपलीकडे लंडन शहराच्या अंगाला होत्या. जॉर्जच्या अंगणात शेक्सपिअरची नाटके झाली ती विसाव्या शतकात, आणि ती पाहून ‘पूर्वीही असेच होत असेल’ ही समजूत अधिकच घट्ट झाली.

रस्त्याजवळच्या बारमध्ये मोठ्या तबकडीचे जुने भिंतीवरचे घड्याळ आहे. पंतप्रधान पिट याने 1797 मध्ये घड्याळांवर कर बसवला, लोकांनी खाजगी घड्याळे ठेवणे सोडले आणि म्हणून सराईवाल्यांनी गिऱ्हाइकांसाठी अशी घड्याळे लावली, असे सांगितले जाते. तो कर 1798 मध्येच रद्द झाला आणि या धाटणीची घड्याळे त्याच्या कितीतरी आधीपासून बनत होती. सराईत मोठे घड्याळ असे, कारण गाडी ठरल्या वेळी सुटायची आणि वाट पाहणाऱ्यांना लांबून वेळ दिसायला हवी. हे साधे कारण करकथेपेक्षा या इमारतीबद्दल अधिक सांगते, कारण ते घड्याळ आज नेमके त्या खोलीत आहे जिथे उतारू बसून राहत.

आज ट्रस्ट मालक आहे आणि पब भाडेपट्ट्याने चालतो. झोपण्याच्या जुन्या खोल्यांत आता जेवणाची टेबले आहेत, त्यांची जमीन एका बाजूला झुकलेली आहे आणि चौकटीही सरळ नाहीत. अंगणात उन्हाळ्यात बाकडी मांडलेली असतात, आणि तिथे बसणाऱ्याला समोर जी पोकळी वाटते ती मुळातली नाही, हे तिथे कोणी सांगत नाही. चहूबाजूंनी बंद असलेले सज्ज्यांचे अंगण कसे असते हे पाहायचे असेल तर ग्लॉस्टरला जावे लागते. तिथल्या न्यू इनचे अंगण पंधराव्या शतकातले असून अजून शाबूत आहे. दुसऱ्या एडवर्डच्या समाधीला येणाऱ्या यात्रेकरूंसाठी मठाने ती सराई बांधली होती. तिचे अंगण पाहून मग जॉर्जमध्ये आले तर दक्षिणेच्या बाजूचे सज्जे ज्या ठिकाणी संपतात तिथपासून पाडलेल्या दोन्ही बाजू कशा वळत गेल्या असतील याचा अंदाज बांधता येतो.